ब्लॉक ४०, प्लॉट ११

रस्ता होता, तो आता नाही.
एउसेबिओ म्हणतो, गाडी इथेच लाव,
बूट काढ, किंवा राहू दे,
पाणी घोट्याच्या वर आहेच.

माझ्या हातात आजोबांचं खरेदीखत.
टोलेडोच्या काचकारखान्यात
सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने
महिना दहा डॉलर भरून घेतलेली
फ्लोरिडातली सव्वा एकर जमीन.
विक्रेत्याने फुकट जेवू घातलं,
छोट्या विमानात बसवलं,
आणि वरून बोट दाखवलं: ते बघा, मिस्टर व्होयताक,
ते तुमचं.
खाली सगळं सारखंच हिरवं.
महिना एप्रिलचा होता.
एप्रिलमध्ये इथे जमीन असते.

जुलैत नसते,
हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

हप्ते फिटले त्या रात्री आजोबांनी
बेकरीच्या पिशवीवर घर काढलं.
दोन खोल्या, व्हरांडा, एक संत्र्याचं झाड.
झाडावर संत्री मोजून काढली होती. नऊ.

आई म्हणायची, बाबांचे पैसे पाण्यात गेले.
मला वाटायचं, ही नुसती म्हणायची पद्धत.

राहायला कोणी आलंच नाही.
मैलच्या मैल काटकोनातले रस्ते,
कोपऱ्या-कोपऱ्यावर पाट्या,
आणि घरं किती?
एउसेबिओ बोटं मोजायला घेतो, मग हात झटकतो.
रात्री त्या रस्त्यांवर विमानं उतरायची म्हणे,
दिवे न लावता. कसला माल, विचारू नये.
कालव्यांनी मात्र नेमून दिलेलं काम चोख केलं:
वर्षाचं पाणी महिन्यात खाडीत नेऊन ओतलं.
मग जे जंगल पाण्यात उभं राहायचं
ते पेटलं.

हा कालवा खणणाऱ्या कंपनीत त्याचा काका होता.
पगार बरा होता, तो सांगतो.
बुजवण्याचाही बरा आहे.

तो एका बुंध्यापाशी थांबतो.
आम्ही दोघं आत उभे राहू शकू एवढा घेर,
मधोमध पोकळ, शेवाळ, बेडूक.
ही गोष्ट प्लॉट पडायच्याही आधीची.
सायप्रस हिरवा तोडला तर बुडतो, म्हणून
आधी सालीचा पट्टा सोलायचा गोल
आणि वर्षभर त्याला उभ्याउभ्या मरू द्यायचं.
मग करवत.
शेकडो वर्षांची झाडं, त्यांची झाली
नावा, शवपेट्या, लोणच्याच्या टाक्या.
लोणच्याच्या, मी पुन्हा विचारते.
हो, तो म्हणतो, लाकूड कुजत नाही ना.

डांबर उखडून वाहून नेलं त्याला चार वर्षं झाली.
अजून सरळ रेषा दिसते, गवत तिथे वेगळं आहे,
जखमेवरच्या कातडीसारखं, जरा जास्त चकचकीत.
सगळं बरं झालंय असं तो म्हणत नाही.
नको ते ताडही माजलेत, ते तोडावे लागतात.
पण कालवा बुजवला त्या पहिल्या पावसाळ्यात
पाणी पसरलं, कोणी वाट न दाखवता,
आणि तिसऱ्या दिवशी बगळे.
इतकी वर्षं होते कुठे, कोण जाणे.

त्याच्या हातातलं यंत्र किणकिणतं.
हा घे, तो म्हणतो, तुझा प्लॉट.
माझा नाही. आईने केव्हाच सही करून
सरकारला देऊन टाकला, नव्या टायरांच्या किमतीत.
कागद तेवढा राहिला होता माझ्याकडे.

कमरेएवढे कोवळे सायप्रस, पिसांसारखी पानं.
मोजायला लागले.
सातवर आले आणि डासांनी कान धरले,
मोजणी चुकली.

हद्द कुठली, मी विचारलं.
एउसेबिओने दक्षिणेकडे हनुवटी उडवली.
पाणी त्या बाजूला चाललं होतं,
इतकं हळू की उभंच वाटावं.
एक पान त्यावर होतं, पिवळं,
प्लॉट अकरातून बाराकडे निघालेलं.

आम्ही थांबलो.
ते अजून अकरातच होतं.