लागतं का?

मित्रमंडळ चौकातून पर्वतीकडे वळलात की
झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जुलैत माणसं जिन्यातही बसतात,
मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अख्खं वर्ष.

सगळे एकच विचारतात, मला लागतं का हो भरायला?
"ऑपरेशन लागेल का?" विचारताना
दवाखान्यात जो आवाज निघतो, तोच.

पहिल्या वर्षी मी नुसता आकडा बघायचे.
मर्यादेच्या वर, भरा. खाली, या आता.
गुंदेचा सरांनी माझ्या वहीवर पेन्सिल आपटली :
"वजावटी मागाहून. आधी सगळं मिळून किती ते बघ.
कर शून्य आला म्हणजे माणूस सुटला, असं नसतं."
तेव्हापासून मी लोकांना भलतंसलतं विचारते.
वर्षाचं वीजबिल लाखावर गेलं का?
परदेशी जाऊन आलात? तिकिटं कुणी काढली?
बँकेनं व्याजातून काही कापलं?

सहकारनगरच्या रास्तेबाई हसल्या.
मला कसलं उत्पन्न, घरात एक पंखा, तोही दोनवर.
नाही म्हणायला, मुलानं फ्रँकफुर्टच्या खात्यावर
सही घेऊन ठेवलीय,
"असू दे आई, वेळप्रसंगी."
वेळ काही आली नव्हती. प्रसंग आला.
म्हटलं, बाई, तुम्हाला लागतं.
कधी न पाहिलेल्या बँकेतल्या
न काढलेल्या पैशांवर तुमची सही चालते.
त्या बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या,
जणू तो परवानगीशिवाय कुठं जाऊन आला होता.

मग छाया ओव्हाळ.
वडील रेल्वेत गार्ड, घोरपडीला. नऊ डिसेंबरला गेले.
"गेलेल्या माणसालाही?"
नियम जितका हळू सांगता येतो तितका सांगितला.
एप्रिलपासून नऊ डिसेंबरपर्यंत ते होते,
तेवढ्याचं भरायचं. वारस तुम्ही, सही तुमची.
पेन्शनचा तपशील बँकेकडून उतरवायचा होता
आणि ओटीपी जाणार होता त्यांच्याच नंबरवर.
"आहे ना," म्हणाली.
पर्समधून बटणांचा फोन काढला,
चार्जिंगच्या काड्या सगळ्या भरलेल्या.
सात महिने रोज रात्री लावत होती म्हणे,
रिचार्जसुद्धा मारत होती, दर अठ्ठावीस दिवसांनी.
फोन वाजला.
चार, शून्य, शून्य, सात, एक, नऊ.
मी घाईत सात आणि एक उलटे टाकले.
परत मागवला.
दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ती जराशी हसली.
मला तिसऱ्यांदाही चुकावंसं वाटलं, पण मागं रांग होती.

दिवे लागल्यावर धायरीचा पोकळे आला, छोटा हत्ती चालवतो.
डिझेल, हप्ता, टोलच्या चिठ्ठ्या रबरात बांधून.
तीनदा बेरीज केली, तीनदा खालीच.
म्हटलं, दादा, तुम्हाला लागत नाही.
खूश होईल वाटलं. तो उभाच.
"मॅडम, कर्जवाला म्हणतो तीन वर्षांचं दाखव.
कागदावर मी नाहीच म्हणे.
शून्य भरा, पण नाव येऊ द्या."
म्हटलं, शून्य कशाला, जे आहे ते भरू.
सक्ती नाही तशी मनाईही नाही.

पोचपावती प्रिंटरमधून गरम निघाली.
त्यानं ती घडी न घालता
शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवली,
बाहेर भुरभुरत होतं.
जिन्यात थांबून म्हणाला,
"तुम्ही भरता का मॅडम, स्वतःचं?"

मला दर पाच तारखेला पाकीट मिळतं,
वर नाव नसतं, आत सुट्या नोटा.
म्हटलं, मला लागत नाही.

आणि पुढच्याला हाक मारली.