भाड्याची गुडघागाडी

रावपुऱ्यातल्या सर्जिकलवाल्यानं ती नीट पुसूनही दिली नाही.
महिन्याचे नऊशे, डिपॉझिट दोन हजार,
आणि हँडलवर मार्करनं लिहिलेलं,
डोक्यावर रेघ नसलेलं एक गुजराती नाव: केया.
कोण, केवढी, कशावरून पडली,
पावतीवर यातलं काही नव्हतं.

मी स्टुलावरून पडले. ट्यूबलाइट बदलताना.
स्टूल धरायला कुणी नव्हतं हे डॉक्टरांना सांगितलं नाही,
त्यांनी फक्त विचारलं होतं, कसं झालं.
डाव्या पावलातलं हाड, करंगळीच्या मुळाशी,
एक्स-रेत शिवण उसवल्यासारखं दिसत होतं.
सहा आठवडे पाऊल टेकायचं नाही.

आधी कुबड्या आणल्या.
शेजारच्या कैलासबेन त्यांना काखघोडी म्हणायच्या,
घोडी म्हटल्यावर निदान दौडेल तरी, असं वाटायचं.
नऊ दिवसांत काखा सोलून निघाल्या.
पण काखांचं काही नाही,
चहाचं सांगते.
ओट्यावर केलेला चहा खुर्चीपर्यंत न्यायचा कसा?
दोन्ही हात कुबड्यांना दिलेले.
मग तिथंच, ओट्याला कंबर टेकून,
नऊ दिवस मी गॅसच्या शेगडीशी
समोरासमोर चहा घेतला.
तिला बोलायला काही नव्हतं. मलाही.

आणि मग ही. चार चाकं, एक ब्रेक, पुढे जाळीची टोपली.
डावा गुडघा रेक्झिनच्या गादीवर,
उजव्या पायानं रेटा.
'गुडघे टेकणे', वाक्यात उपयोग करा:
शत्रूनं टेकले, संकटापुढे टेकले,
शाळेत पाच वाक्यं लिहिली होती मी, सगळी हरणाऱ्यांची.
इथे टेकला की माणूस निघतो.
थर्मास टोपलीत. ओटा ते खुर्ची अकरा रेटे.
बसून घेतलेल्या त्या पहिल्या चहात
आलं फार झालं होतं.
सगळा प्यायले.

बँकेत जाऊ लागले.
लिफ्टच्या फटीत पुढचं चाक अडकायचं,
रतनसिंह राठवा वॉचमन खुर्ची सोडून धावत यायचा,
आणि उचलताना दर वेळी म्हणायचा, "बेन, हॉर्न लगवा लो."
दसऱ्याला त्यानं पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांना हार घातले,
हिलाही घातला.
गुडघ्यापाशी झेंडू घेऊन मी कॅश काउंटरवर बसले.
आत्या असती तर म्हणाली असती,
सत्तेचाळिसाव्या वर्षी का होईना,
बांधलंस गं बाई गुडघ्याला बाशिंग!

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
माझ्या घराला उतार आहे.
बावीस वर्षं राहतेय कारेलीबागेत, या तिसऱ्या मजल्यावर,
मला ठाऊक नव्हतं.
एका रात्री ब्रेक लावायला विसरले,
सकाळी गाडी गॅलरीच्या दाराशी उभी.
दुसऱ्या रात्री मुद्दाम विसरले.
खाली गरबा संपून खुर्च्या आवरत होते,
आणि अंधारात चाकांचा बारीक आवाज,
थोडा थांबून
पुन्हा,
कुणीतरी पाणी प्यायला उठल्यासारखा.
मी कूस वळवून झोपले. बऱ्याच दिवसांनी गाढ.

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल
दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं, पांढुरकं, लाजरं.
सर्जिकलवाल्यानं ब्रेक दाबून पाहिला,
टोपलीतल्या चहाच्या डागांचे शंभर कापले.
मी त्याच्याकडे मार्कर मागितला.
केयाच्या खाली लिहिलं, वृंदा,
डोक्यावर लांब रेघ ओढून.
तो म्हणाला, मग पन्नास अजून कापतो.
काप म्हटलं.

घरी येऊन अनवाणी उभी राहिले, फरशीवर,
डावं पाऊल आधी.
उतार पायाला कळत नाही.
ट्यूबलाइट अजून बदलायची आहे.
जाते, कैलासबेनना विचारते,
स्टूल धराल का दोन मिनिटं.