उजवी खाच

स्टँडला दोन खाचा.
डावीत माझा कंट्रोलर, कायम तांबड्यावर.
उजवीत शिवलीलाचा,
ती देगलूरला नांदायला गेल्यापासून
हिरवा.

उदगीरची लाईट जाते, येते.
मी तो पुसतो, परत ठेवतो.
एक्स बटणाच्या कडेला
तिच्या नेलपॉलिशचा ओरखडा आहे अजून.

पंचमीला आली. "चल, एक मॅच."
उचलला तर पाठ फुगलेली,
झाकण बसेना.

चौबाऱ्यातला मुजम्मील बॅटरी काढत म्हणाला,
"सदा भरून ठेवली की अशीच मरते.
खेळायचं की भैय्या थोडं,
उतरू द्यायची."

शिवलीला माझ्याकडं बघत राहिली.
एवढंच म्हणाली, "येडाच हायस."

रात्री एकाच कंट्रोलरवर
आळीपाळीनं खेळलो.
तांबडा लुकलुकायला लागला,
तरी स्टँडकडं
कुणी उठलं नाही.