रविवारचं धुणं

लुईस बेटावर रविवारी
दोरीवर कपडे घालत नाहीत.
हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळच आली नाही,
एवढंसं गाव, आणि प्रत्येक खिडकीला डोळा.

अकरा दिवस पाऊस.
ऑयरिकचा भाऊ अंथरुणाला खिळलेला,
दिवसाला दोन चादरी.
रेडिएटरवर, जिन्याच्या कठड्यावर, खुर्च्यांच्या पाठींवर
ओल्या कापडाचा आंबूस वास.
आणि बाराव्या दिवशी, नेमका रविवारी,
वारा वळला. कोरडा, पूर्वेचा,
तासाभरात चादर कुरकुरीत करणारा.

ती बादली घेऊन मागच्या दारात उभी राहिली.
चर्चला गेलेल्या गाड्या अजून परतायच्या होत्या.
लोक काय म्हणतील, हे तिला तोंडपाठ होतं,
म्हणणाऱ्यांत चाळीस वर्षं
तिचाही आवाज होता.

केनेथीनाचा अभ्रा,
एकच, शनिवारी काढायचा राहून गेलेला,
तिनेच पाहिला होता, याच दारातून,
आणि चर्चच्या फाटकापाशी तिघींच्या कानी घातला होता.
त्यांतल्या दोघी आता समुद्राकाठच्या दफनभूमीत,
तिसरीला पोटच्या मुलाचंही नाव आठवत नाही.
अभ्रा मात्र ऑयरिकला अजून दिसतो.
पिवळट. कडेला निळी वीण.

मग पहिली चादर.
धीट झाली वगैरे नाही. हात कापत होते,
पहिला चिमटा गवतात पडला, तो सापडलाच नाही.
दुसरी चादर. पायजमा. टॉवेल.
चौथ्या चादरीपाशी तिच्या ध्यानात आलं
की आपण चिमटे मोजतोय,
खिडक्या नाही.

गाड्या परतल्या. डोलीनाची वळणावर मंदावली,
थांबली नाही.
मर्डीनाच्या घरचा पडदा किंचित हलला;
मांजरही असेल.
संध्याकाळी भावाने वाळल्या चादरीत नाक खुपसलं
आणि म्हणाला, "समुद्र."
त्या आठवड्यातला त्याचा हा पहिला शब्द.

नावं ठेवली का? ठेवली तर.
या बेटावर नावं ठेवावीच लागतात,
निम्मं गाव मॉरिसन, उरलेलं मॅकलाउड,
टोपणनावावाचून माणूस सापडत नाही.
ती आधी पोस्टमनची धाकटी होती,
मग लंगड्या आंगसची बायको,
मग लंगड्या आंगसची विधवा.

बुधवारी दुकानात पाव घेताना
मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं,
"रविवारची ऑयरिक."

सदुसष्ट वर्षांत पहिलंच नाव
जे कुणाच्या घरून आलेलं नव्हतं.
तिने सुटे पैसे मोजून घेतले,
कोण बोललं ते वळून पाहिलं नाही.
चिमट्यांचं एक नवं पाकीट घेतलं.
बाहेर वारा होता,
आणि घरी दोन चादरी भिजत.