परिशिष्ट ब

मसुदा एकवीस पानांचा.
मान्यता पान तीनवर,
दूतावास पाचवर, टपाल आणि विमानं अकरावर,
आणि शेवटी टाचणीनं जोडलेलं
परिशिष्ट ब : प्रत्यार्पणासाठी सात नावं.
ती आधी, बाकी सगळं नंतर,
असं तळटीपेत, बारीक अक्षरात.

माझं काम एवढंच,
त्यांचं इंग्रजी आमच्या स्पॅनिशमध्ये आणायचं
आणि वाटेत एकही स्वल्पविराम सांडायचा नाही.

चौथं नाव थर्मन पेटवे.
वय एकाहत्तर. मूळ गाव कॅम्डेन, न्यू जर्सी.
बँकेवर दरोडा, पहारेकऱ्याचा खून, पळवलेलं विमान.
सध्याचा पत्ता : हवाना, वेदादो, सतरावी गल्ली,
आणि पुढे घराचा नंबर
माझाच.

आमच्या जिन्यात त्याला तोमास म्हणतात.
तळमजल्यावर राहतो, पंखे दुरुस्त करतो.
वीज गेली की खुर्ची बाहेर टाकतो
आणि डोमिनोचे ठिपके बोटांनी वाचतो.
माझ्या यासेलला इंग्रजी त्यानंच शिकवलं,
इतकं चांगलं, की पोरगा मायामीला गेला
आणि आता फोनवर माझ्याशीही तेच बोलतो.

अनुवादकानं एक फॉर्म भरायचा असतो :
यादीतल्या कोणास आपण ओळखता काय?
मी ‘नाही’वर खूण केली.
खोटं नव्हतं ते.
पेटवेला मी कुठे ओळखत होते?

उपसचिव कॉफी ढवळत म्हणाले,
चाळीसपन्नास वर्षं ते म्हणत होते, तुम्ही नाहीच.
आता म्हणतात, आहात,
पण हे सात द्या.
मी विचारलं, आणि आपण त्यांना दिलेला शब्द?
म्हणाले, घासाघीस चालू आहे, मिग्दालिया,
चारांवर तुटेल.
चारांत चौथा धरतात का,
ते विचारायचं राहिलं.

परिशिष्टाला एक पत्रही होतं.
डनीज हलुप्का, शाळेची बस चालवते.
‘बाबांच्या डब्यात अर्धं सँडविच उरलं होतं.
आईनं ते फ्रीजरमध्ये ठेवलं, मी सहा वर्षांची होते.
आई गेल्यावर फ्रीजर मला मिळाला.
तुम्ही हवी त्याच्याशी मैत्री करा, साहेब.
आधी तो माणूस आणा.’
मी ‘बर्फाचा कप्पा’ लिहिलं.
खोडलं.
परत ‘फ्रीजर’ लिहिलं.
अख्ख्या एकवीस पानांत
एवढ्या एकाच शब्दाला अर्धा तास लागला.

संध्याकाळी पंखा आणायला खाली गेले.
तोमासनं तो लावून दाखवला,
पाती फिरली, टेबलावरचं रेशनचं पुस्तक फडफडलं.
काय म्हणतात तुझे अमेरिकन?
माझे?
हसला. मग स्क्रू घट्ट करता करता, मान वर न करता :
कितवा?

हे सांगायला मला मनाई आहे.
चौथा, मी म्हटलं.

त्या दिवशी बँकेच्या रांगेतही
मी चौथाच होतो, तो म्हणाला.

तीस वर्षं एका जिन्यात काढली,
बँक हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.
मला विचारायचं होतं सँडविचचं.
त्याला माहीत असणं शक्य नव्हतं,
तरी विचारायचंच होतं.
मी विचारलं, पंख्याचे किती झाले?

राहू दे, म्हणाला.
पुढच्या वेळी.