कडी

पारा शेहेचाळीसवर गेला त्या आठवड्यात
शेठनं विचारलं:
महिन्याला आठशे रुपये वाढ,
की कूलर, खेडीपासून बस, दवाखान्याचं कार्ड
आणि बायकांच्या संडासाला नवं दार?
दोन्हींतलं एक. चिठ्ठी टाका.
शेठला उन्हाळा कळतो.

चटईचा कारखाना आमचा, जळगावच्या एमआयडीसीत.
प्लास्टिकची फीत तापते तेव्हा
डब्यातल्या कळण्याच्या भाकरीलाही तोच वास लागतो.
सतरा वर्षं मी इथं हिशोब लिहितो.
सोयींचं कोटेशन माझ्याच खणात होतं :
माणशी साडेचारशे.
म्हणजे आठशेचं काम शेठ साडेचारशेत उरकणार होता.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

लूमवरचा सुपडू बिडी विझवत आला,
‘आप्पा, काय टाकू?’
मी म्हटलं, तुझं तू बघ.
तो हसला. ‘कूलरनी हवा काय
पिशवीमा भरीसन घर लई जाऊ?’
नातीची फी भरायची होती त्याला,
हिशोब त्याचा पक्का होता,
माझ्या खणाची गरजच पडली नाही.

मीही पगारच लिहिला.
माझ्या टेबलाशेजारी कूलर आधीपासून आहे.

त्र्याऐंशी चिठ्ठ्या.
पगार एकोणपन्नास. सोयी सत्तावीस.
उरलेल्या सातांवर दोन्हींतलं काहीच नव्हतं,
एकच शब्द, सात हातांचा,
एकीनं तर डाव्या हाताचा अंगठा उठवून
वर दुसरीकडून लिहून घेतलेला :
कडी.

‘बाद,’ शेठ म्हणाला.
मी बाद लिहिलं.

वाढ झाली. संध्याकाळचा चहा बंद झाला.
खेडीच्या घरमालकांना बातमी
आमच्या आधी कळली असावी,
भाडं दोनशेनं चढलं.
सुपडूची नात शाळेत गेली, हे खरं.
पत्र्याखाली तो दुपारी दोनदा भोवळ येऊन बसला,
हेही खरं.
एकातून दुसरं वजा कसं करायचं
हे मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही.

पहिल्या वाढीव पगाराच्या दुसऱ्या दिवशी
रशिदा तडवी खिडकीशी आली,
मागं द्वारकाबाई, तिच्या मागं बाकीच्या.
तोवर एक आत गेली की दुसरी
बाहेरून दार धरून उभी राहायची,
आणि सुपरवायझर दोघींचीही मिनिटं कापायचा.
ती कापलेली मिनिटंसुद्धा
माझ्याच अक्षरात आहेत.

तिनं पावती ठेवली.
कडी-कोयंडा, चार स्क्रू. एकशे पाच रुपये.
सात जणींचे पंधरा-पंधरा.

मी म्हटलं, शेठ देणार नाही.
‘आमले पैसा नको, भाऊ,’ द्वारकाबाई म्हणाली,
‘लिखी ठेवा फक्त.’

किर्दीचं पान उघडं आहे तेव्हापासून.
कूलर घरघरतो, कागद फडफडतो,
पावतीवर मी पेपरवेट ठेवलाय.
मध्येच पलीकडून
कडी सरकल्याचा आवाज येतो,
आणि पेन उचलून मी पुन्हा तिथंच अडतो :
नावे लिहू
की जमा?