पाठमोऱ्या

आमच्या खेळात पाठ दाखवूनच पुढे जातात.
सहा जणी, सहा वल्ही, आणि तोंडं
जे मागं सुटत चाललंय त्याकडे:
धक्का, खारवलेली शेड, मेंढ्यांनी ठिपकलेला डोंगर.
शेवटची रेघ आमच्यातल्या कुणालाच दिसत नाही.
ती दिसते सुकाणूवरच्या रान्वाला.
आणि आम्हाला दिसते रान्वा.

जानेवारीत होडी फुटली.
इथे फॅरोच्या उत्तरेला वारा घरात न विचारता येतो,
त्यानं शेडचं छप्पर उचललं आणि परत ठेवलं,
फक्त जागेवर नाही. खाली होडी होती.
त्याआधीच्या उन्हाळ्यात चार शर्यती,
चारही वेळा आम्ही शेवटून पहिल्या.
पलीकडच्या गावचा सिमून म्हणाला,
बरं झालं, सरपण तरी होईल.

रान्वा त्यावर काही बोलली नाही.
मासे कापायच्या कारखान्यातली पाळी संपली की
ती बाहीला चिकटलेल्या खवल्यांसकट शेडवर जायची,
एकेक फळी उचलून नाकाशी धरायची.
डांबराचा वास आला तर उजवीकडे,
कुजल्याचा आला तर डावीकडे.
आठवड्यानं तिनं आम्हाला बोलावलं.
आम्हाला वाटलं, भाषण असेल.
बिर्ता तर रडायच्या तयारीनं आली होती.
तिनं प्रत्येकीच्या हातात पॉलिशपेपर ठेवला,
म्हणाली, उजवीकडचा ढीग.

तीन महिने घासलं. बोटं सोलवटली.
मध्येच ओलुवा म्हणाली,
यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.
रान्वा म्हणाली, बरं.
आणि ओलुवाची फळी मांडीवर घेऊन
स्वतःच घासत बसली.
दुसऱ्या दिवशी ओलुवा सगळ्यांच्या आधी हजर,
फळी परत मागायला.

जुलै. पाच होड्या, हजार मीटर.
चारशेच्या आसपास सुन्नवाची खुंटी मोडली.
वल्हं मोकळं झालं, होडी कलली,
आणि एकामागून एक
सगळ्या आमच्या नजरेबाहेर गेल्या.
पाठमोऱ्यांना शेवटचं असणं लगेच कळतं:
डोळ्यांसमोर कुणीच नसतं,
नुसतं पाणी, आणि त्यावर आपलाच वाकडा माग.

रान्वानं सुकाणू कोपराखाली दाबलं,
गळ्यातला राखाडी मफलर काढला,
वाकून सुन्नवाचं वल्हं बांधलं,
साल्मनच्या पिंजऱ्याला मारतात तशा दोन गाठी.
चेहऱ्यावर काही नाही.
भाजी निवडताना असतो तसा चेहरा.
मग म्हणाली, वीस. आता फक्त वीस.

आम्ही वीस ओढले.
तिनं पुन्हा म्हटलं, वीस.
आम्हाला कळलं, ती खोटं बोलतेय.
तिला कळलं, की आम्हाला कळलंय.
तिसऱ्या विसाला डोळ्याच्या कोपऱ्यात
एक लाल नाकाड आलं,
मग त्यामागे ती आख्खी होडी, लालबुंद बायकांची.
जे मागं पडतं तेच आम्हाला दिसतं.
आता काहीतरी दिसत होतं.
मग एक निळी.
मी कधी कुणाचं तोंड बघून इतकी खूश झाले नव्हते.

तिसऱ्या आलो. तिसऱ्याला कप नसतो,
बेकरीवाल्याकडून एक केक असतो.
सिमूननंही खाल्ला, मान खाली घालून.

रात्री शेडमध्ये कॉफी पिताना मी विचारलं,
पहिल्यांदा वीस म्हणालीस,
तेव्हा खरे किती राहिले होते गं?
ती म्हणाली, कुणास ठाऊक.
तुमच्या पाठीमागून धुकं आलं होतं.
रेघ सोड, मला बोयासुद्धा दिसत नव्हता.
मग हाकत कशावर होतीस?
तिनं कपातला गाळ बघितला.
तुमच्या तोंडांवर, म्हणाली,
बिर्ता डावीकडे दात खायला लागली
की मी थोडं उजवीकडे घ्यायचे.

मफलर अजून तिथेच आहे, दोन गाठींचा,
ओला झाला की मेंढीचा वास मारतो.
नवी खुंटी करायचं कुणी नावच काढत नाही.
या थंडीत रान्वा उघड्या गळ्यानं कामावर जाते.